तळवस्तीवरचा उसना ढग

अन्याय झाला तो तळवस्तीतल्या सतरा घरांवर. कोजागिरीनंतरच्या पहिल्या बुधवारी, दुपारी सव्वाबारा वाजता, धुळ्यातल्या तलाव-बंधाऱ्यांचं काम बघणाऱ्या सरकारी कचेरीत, साहेबांच्या टेबलाच्या काचेवर. ऐंशीचं दशक संपायला तेव्हा अडीच महिने उरले होते. कुणावर झालं ते आधी लिहायचं, मग कधी, मग कुणी केलं ते, असं मला चळवळीची पत्रकं लिहिताना शिकवलं गेलं, आणि ती सवय सुटत नाही. फक्त या वेळी ‘कुणी केलं’ हे एका ओळीत मावत नाही. त्यात साहेब आहेत. त्यात जळगावचे एक फोटोवाले नाना आहेत. आणि मी आहे.

यंदाही आश्विन आला आहे. कपाशी फुटली आहे, ज्वारीच्या शेतातून दुपारी गरम कोंड्याचा वास येतो, पिंप्राळ्यात आमच्या कॉलनीत लोक दसऱ्यासाठी भिंती खरवडतायत आणि जिकडेतिकडे पांढरी धूळ आहे. बाकीच्यांना हा महिना आवडतो. पाऊस सरलेला, आभाळ धुतलेलं, रस्ते कोरडे. मला त्याची धास्ती असते. कारण याच महिन्यात माझ्या इंदूआत्याचं पोस्टकार्ड येतं. तिला लिहिता येत नाही, शेजारच्या कुणाकडून तरी लिहून घेते, आणि लिहिणारा तिचं बोलणं जसंच्या तसं उतरवतो: ‘पानी सांडव्याले लागनं. बठ्ठा बरा शेतस. तू कधी येस?’ पाणी सांडव्याला लागलं, म्हणजे तलाव काठोकाठ भरला. पुढचं वाक्य म्हणतं सगळे बरे आहेत. ही दोन वाक्यं शेजारी शेजारी वाचली की माझी जेवणावरची वासना जाते.

कार्ड यंदाही आलं. मी ते देव्हाऱ्यात ठेवण्यासारखं नाही म्हणून पुस्तकात ठेवलं, आणि दुपारी लुना काढून उगाचच रेल्वे फाटकापर्यंत जाऊन आले. पश्चिमेला, धुळ्याच्या बाजूला, ढग आहे का बघायला. नव्हता. तरी बरं वाटलं नाही.

तळवस्ती धुळ्याहून साक्रीच्या रस्त्याला लागलं की तासाभराच्या आत येते. आधी ती गावातच होती. रस्ता रुंद झाला तेव्हा आमच्या लोकांची घरं गेली, आणि पंचायतीने तोंडी सांगितलं, तलावाखाली रिकामी जागा आहे, तिथे बांधा. बांधली. पूर्वेला तलाव, त्याचा मातीचा लांबलचक बांध, बांधाच्या पायथ्याशी सतरा घरं, आणि घरांच्या पलीकडे पश्चिमेला एक खडकाळ टेकडी. टेकडीवर चढलं की सगळं एकदम दिसतं. पाणी छपरांच्या वर आहे. दोन पुरुष एकावर एक उभे केले तर वरच्याच्या छातीला पाणी लागेल, इतकं वर. बांधातून ओल झिरपते, म्हणून वस्तीत चिंच आणि कडुलिंब असे माजलेत की पाहुणे येऊन म्हणतात, काय गार जागा आहे. आत्याच्या घरात जमीन घाम आल्यासारखी ओली असते. ज्वारीची पोती विटांवर. चूल विटांवर. आश्विन-कार्तिकात ती बाजसुद्धा विटांवर चढवते.

दसऱ्याला वस्तीत घरांना चुना लागतो, बुद्धवंदना होते, दारादारात पांढरे कपडे. आणि उरलेल्या चुन्याचं तिथल्या बायका एक काम करतात, जे मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही. बांधाच्या पायथ्याला जिथे ओल संपते, तिथे जमिनीवर चुन्याची रेघ ओढतात. पुढच्या दसऱ्याला नवी रेघ. पावसाने जुनी पुसट होते, पण दिसते. त्या वर्षी मी आत्याबरोबर गेले तेव्हा नवी रेघ जुनीच्या चार पावलं पुढे होती, घरांच्या बाजूला. आत्याने वाकून रेघ ओढली, हात झटकले आणि म्हणाली, “चाल, चहा ठेवस.” पंचांग उलटावं तसं तिने ते उरकलं. मी मात्र तिथेच उभी राहिले. चपलेखाली जमीन मऊ होती.

बांधाची दुरुस्ती व्हावी, सांडवा खाली घ्यावा, आणि कागदावर लिहिलं जावं की तलावाखाली माणसं राहतात, एवढीच मागणी होती. त्यासाठी मी कचेरीत सहा चकरा मारल्या, तेव्हा मला कळलं की त्यांच्याकडे तळवस्तीचे दोन कागद आहेत. एक नकाशा, तलाव बांधला तेव्हाचा. त्यात पाणी निळ्या रंगात आहे, आणि खाली वस्ती नाही, कारण तेव्हा ती नव्हतीच. दुसरा पाहणीचा अहवाल. साहेब पाहणीला आले ते वैशाखात. तेव्हा तलावात शेळ्या चरत होत्या. साहेबांनी चिंचेखाली बसून पाणी प्यायलं आणि लिहिलं, वस्ती आहे, तलावात पाणी नाही, धोका दिसून येत नाही. दोन्ही कागद खरे. एकात पाणी आहे, वस्ती नाही. दुसऱ्यात वस्ती आहे, पाणी नाही. दोन फायली दोन कपाटांत, आणि कपाटांमध्ये टेबल टाकून बसलेल्या साहेबांना दोन्ही एकदम उघडून बघायची कधी गरज वाटली नाही.

“दोन्ही एकत्र असल्याचा काही पुरावा द्या,” साहेब म्हणाले. “फोटो वगैरे.”

“तुम्हीच चला ना आत्ता. तलाव भरलाय.”

“बाई, आत्ता रस्ता चिखलाचा आहे. आणि बुधवारी सुनावणी ठेवलीय मी तुमची. त्या दिवशी फोटो आणा. मी वर पाठवतो.”

मी म्हटलं, फोटो काय, उद्याच काढते. मैत्रिणीचा छोटा कॅमेरा घेतला, टेकडीवर चढले, रीळ संपवलं. जळगावला येऊन धुऊन घेतलं. आणि दुकानाच्या पायरीवर बसून बघितलं तर माझ्या हातात पुन्हा तेच दोन कागद होते. सकाळच्या फोटोत सूर्य समोर, पाण्यावर चकाकी, बांधाची रेघ स्पष्ट, आणि खाली काळं. नुसतं काळं. घरं म्हणून सांगायला गेलं तर खडक म्हणतील. दुपारचं ऊन डोक्यावर, पण घरं झाडांच्या सावलीत बुडालेली. संध्याकाळच्या फोटोत टेकडीची सावली वस्तीवर पडलेली. त्यात घरं दिसावीत म्हणून मी कॅमेरा खाली करून उजेड वाढवला होता, तर छपरं, दारं, दोरीवरचं लुगडं, सगळं आलं, आणि वर जिथे पाणी हवं तिथे कोरा पांढरा कागद. कुणीही म्हणेल, हे आभाळ आहे.

ज्या दुकानाच्या पायरीवर मी बसले होते ते नानांचं. नव्या बसस्टँडच्या मागे त्यांचा स्टुडिओ. साठीचे, दात तंबाखूने गेलेले, फोटो धुण्याच्या हायपोच्या वासाचे. ते माझ्या मागे येऊन उभे राहिले, दोन फोटो बघितले आणि म्हणाले, “पोरी, कॅमेऱ्याला शिव्या देऊ नको. त्याला एकच डोळा आहे आणि तो एकदाच उघडतो.”

मग त्यांनी मला समजावलं. आपण टेकडीवर उभं राहून बघतो तेव्हा पाण्याकडे बघताना बाहुली बारीक होते, खाली वस्तीकडे बघताना मोठी होते, आणि डोक्यात दोन्ही एकत्र राहतं. फिल्मला ते जमत नाही. फिल्म थोडंफार तरी सोसते, प्रिंटचा कागद तर अजून कमी. “फार उजेड आणि फार अंधार, दोन्ही एका कागदाच्या पोटात जात नाही. एक उलटून पडतंच.”

“मग करायचं काय?”

नानांनी तंबाखू मळता मळता सांगितलं. पातळ ढगाचा दिवस बघ. उजेड सगळीकडे सारखा पसरतो, काही करावं लागत नाही. आश्विनात कधी येईल सांगता येत नाही. नाहीतर अर्धी काच काळी करून लेन्सपुढे धरायची, काळा भाग पाण्यावर, उघडा भाग घरांवर. पण तसली काच आपल्याकडे नाही, मुंबईहून येते. नाहीतर प्रिंट काढताना, फोटो मोठा करणाऱ्या एनलार्जरच्या उजेडात हात घालायचा, घरांवर पुठ्ठ्याची सावली धरायची म्हणजे ती काळी होत नाहीत, आणि पाण्याला जास्त वेळ उजेड द्यायचा. तेही त्यांनी माझ्या निगेटिव्हवर तिथल्या तिथे करून बघितलं. पाणी आलं नाही. चकाकीने निगेटिव्ह तिथे इतकी घट्ट झाली होती की उजेड आरपार जाईना. एक राखाडी डाग आला, कुणी चहा सांडल्यासारखा.

“आणि चौथा?” मी विचारलं. मला दिसत होतं की त्यांच्याकडे चौथा आहे.

“चौथा माझा धंदाच आहे,” नाना म्हणाले.

त्या काळातले लग्नाचे अल्बम ज्यांनी पाहिलेत त्यांना सांगायला नको. कमळात नवरीचा चेहरा, चंद्रात नवरदेव, हातावर उभी केलेली छोटीशी बायको. नाना या ट्रिक फोटोंत जळगावपासून चोपड्यापर्यंत नावाजलेले. पण त्यांचं खरं काम वेगळं होतं. घरात लग्न निघालं की लोक मेलेल्या माणसाचा जुना फोटो घेऊन यायचे, आणि नाना त्याला घरच्यांच्या ग्रुप फोटोत उभं करायचे. खांद्यावर हात ठेवून. “सासरा लग्नाआधी आठ वर्षं मेला,” नाना मला एकदा म्हणाले, “पण माझ्या फोटोत तो सुनेच्या शेजारी हसतोय. सून रोज त्याला नमस्कार करते. तुझं पाणी काय चीज आहे.”

तर ठरलं असं. कॅमेरा स्टँडवर घट्ट लावायचा, हलवायचा नाही. एक फोटो पाण्यासाठी, एक घरांसाठी, मिनिटभराच्या अंतराने. मग डार्करूममध्ये एका कागदावर आधी एक, मग दुसरी. बांधाच्या रेघेवर जोड. हे खोटं आहे का, असं मी विचारलंसुद्धा. नाना म्हणाले, “पाणी तिथलंच, घरं तिथलीच, जागा तीच, वेळ तीच. खोटं कुठे आलं?” मला ते पटलं. आजही पटतं. ही गोष्ट मला ठासून लिहायची आहे, कारण पुढे जे झालं त्यावरून लोक दोन निगेटिव्ह जोडण्यालाच खोटं म्हणायला लागले. जोड खोटा नव्हता.

सोमवारी नाना माझ्याबरोबर एसटीने आले. पारोळ्यापर्यंत ते झोपले, नंतर स्टँड मांडीवर घेऊन बसले. वस्तीत पोचलो तर आत्याला आधीच कळलं होतं की फोटोत घरं काळी येतात, आणि तिने आपला इलाज सुरू केला होता. दसऱ्याचा चुना अजून ताजा, तरी सगळ्या बायका दुसरा हात मारत होत्या. टेकडीच्या बाजूच्या भिंतींवर.

“फोटूमा घर काळा दिखतस ना,” आत्या म्हणाली, “ते चुना लाई दिना. आते दिखतीन.”

नाना थांबून त्या भिंतींकडे बघत राहिले. “अक्का, तुम्ही माझ्या दुकानात असायला हव्या होत्या,” ते म्हणाले. “सावली उजळायची तर सावलीतली वस्तू पांढरी करा. हे मला चाळीस वर्षांत सुचलं नाही.”

“तुम्हना दुकानमा चुना नही, पावडर लागस,” आत्या म्हणाली, आणि बायका हसल्या. नानाही हसले.

ती संध्याकाळ मला फ्रेम-फ्रेम आठवते. टेकडीवरचं गवत पिवळं व्हायला लागलेलं, पायात कुसळं. खाली चुलींचा धूर सरळ वर. पलीकडे पाणी, इतकं स्वच्छ की त्यावर समोरच्या डोंगराची रेघ उलटी. आभाळ कोरं, एक ढग नाही. मी एरवी कधी देखावा म्हणून काही पाहिलेला नाही. आम्हाला देखावा म्हणजे पत्रकावरची वाया जाणारी जागा. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की ही जागा सुंदर आहे, आणि लगेच ते वाटणं नकोसं झालं, कारण जे सुंदर होतं ते पाणीच होतं. नानांनी पहिला फोटो काढला. बटण सोडलं, लेन्सचं छिद्र फिरवून मोठं केलं, श्वास धरून दुसरा काढला. मधल्या मिनिटात खाली एक कोंबडं ओरडलं.

मंगळवारी दुपारी नाना डार्करूममधून बाहेर आले, हातात ओला प्रिंट. मी तो उजेडात धरला आणि खरं सांगते, माझे डोळे भरले. सगळं होतं त्यात. वर पाणी, भरलेलं, जड. बांधाची काळी रेघ. खाली सतरा घरं, मोजून बघितली, पांढऱ्या भिंती, आत्याच्या दारातली बाज विटांवर. दोन कपाटांतले दोन कागद एका चौकटीत.

आणि आभाळात ढग.

तीन ढग. मोठ्याला डावीकडे सशाच्या कानासारखं टोक. मी विचारलं, “नाना, हे?”

“रिकामं आभाळ बरं दिसत नाही गं. गिऱ्हाईक घेत नाही.” ते हात पुसत होते. त्यांच्याकडे ढगांची एक निगेटिव्ह होती, सावद्याला केळीच्या मळ्यावर कधीतरी श्रावणात घेतलेली. जिथे आभाळ कोरं, तिथे ती लागायची. लग्न असो, शाळेची इमारत असो, कुणाचं नवं ट्रॅक्टर असो. त्यांना ते ठरवून करावं लागत नसे. न्हाव्याने दाढी झाल्यावर तुरटी फिरवावी, तितकं सहज.

आता इथे मी थांबले असते तर. नाना म्हणालेही, “नको असेल तर दुसरा काढतो, तासभर लागेल.” वेळ होता. सुनावणी दुसऱ्या दिवशी होती. पण मी त्या प्रिंटकडे बघत होते आणि ते ढग मला आवडले होते. तळवस्तीच्या डोक्यावर पाणी, आणि पाण्याच्या डोक्यावर काळे ढग. बघणाऱ्याला धडकी भरेल. आम्ही पत्रकात हेच करतो: खरी गोष्ट घेतो, आणि ती पुरेशी मोठी दिसत नाही असं वाटलं की वर एक विशेषण ठेवतो. मला वाटलं, हा ढग म्हणजे विशेषण आहे. मी म्हटलं, “राहू द्या. छान आहे.”

ते माझे शब्द आहेत. नानांचे नाहीत. नानांना मी पुढे दोन वर्षं दोष दिला, म्हणून हे लिहून ठेवणं भाग आहे.

बुधवारी आत्या पांढरं लुगडं नेसून कचेरीत आली. साहेबांनी तिला बसायला खुर्ची दिली, हे मी नाकारणार नाही. प्रिंट हातात घेतला, चष्मा वर करून बघितला, मान डोलावली.

“चांगला आलाय. पाणी आणि घरं, दोन्ही आहेत. हे एकाच वेळचं आहे?”

“हो,” मी म्हटलं.

“आहे तसंच काढलेलं?”

इथे मला सांगता आलं असतं. स्टँड, दोन निगेटिव्ह, बांधावरचा जोड, सगळं. पण ‘आहे तसंच’ म्हटल्यावर आभाळाचंही सांगावं लागलं असतं. मी परत हो म्हटलं.

साहेब सही करायला खाली वाकले. त्यांच्या टेबलावर जाड काच होती, आणि काचेखाली, कचेरीत सगळेच ठेवतात तसे, देवाचं चित्र, एक कॅलेंडरचं पान, घरचे फोटो. त्यांचं पेन मध्येच थांबलं. त्यांनी आमचा प्रिंट सरकवून एका फोटोच्या शेजारी नेला. मुलगी आणि जावई, लग्नानंतर कुठल्याशा मळ्यात उभे. मुलीचं लग्न जळगावला झालं होतं. जावयाच्या डोक्यावर तीन ढग, मोठ्याला डावीकडे सशाच्या कानासारखं टोक.

त्यांनी पेनाला टोपण लावलं.

“बाई,” साहेब म्हणाले, “हा ढग माझ्या जावयाच्या डोक्यावर आहे.”

मी बोलायला लागले. भराभर, सगळं एकदम. पाणी खरं आहे, घरं खरी आहेत, फक्त ढग वरून लावला, फोटोवाल्याची सवय आहे. जितकं बोलले तितकं खोटं वाटत गेलं. साहेब ओरडले नाहीत. ते म्हणाले, “मी पाठवणार होतो हो वर. आता कसं पाठवू? वरचे मला विचारतील, ढग खोटा तर पाणी कशावरून खरं?”

आत्याला अर्धंच कळलं होतं, पण नेमकं तेच वाक्य कळलं. ती खुर्चीतून उठली.

“ढग खोटा व्हता, साहेब. पानी ते खरं शे ना? तुम्ही येवा ना, हात लाई दखा.”

खाली साहेबांची जीप उभी होती. ड्रायव्हर बॉनेटवर बसून शेंगा सोलत होता. रस्ता सुकून आठवडा झाला होता. आम्ही त्याच रस्त्याने आलो होतो. तासाभरात साहेब टेकडीवर उभे असते. ज्या माणसाने फोटोतला ढग आपल्या जावयाच्या ढगाशी ताडून बघितला, त्याला बांध ताडून बघायला फुरसत नव्हती. हाच अन्याय. माझी चूक मी लिहिली, ती मोठी आहे, पण तिच्या आड कुणी लपू नये. कचेरीने आमच्या जोडलेल्या फोटोला नाव ठेवलं, आणि स्वतःचे दोन तुकडे मात्र दोन कपाटांत तसेच ठेवले. फाईलवर शेरा पडला: ‘सादर केलेले छायाचित्र बनावट आढळले. सबब प्रकरण निकाली.’ सव्वाबारा झाले होते.

नाना स्वतः वस्तीत आले, आत्याची माफी मागायला. ओट्यावर बसले, चहा घेतला. “सवय, अक्का,” एवढंच म्हणाले. आत्या म्हणाली, “तुम्ही मरेलले जित्ता करतस. आम्हले जित्तापनी दखाडता नही उनं.” मेलेल्यांना जिवंत करता, आम्हाला जिवंतपणी दाखवता आलं नाही, हे तिने रागाने म्हटलं नाही. नानांनी बशी खाली ठेवली.

पुढच्या आश्विनात ते परत आले. मुंबईच्या काचेची वाट न बघता त्यांनी साधी खिडकीची काच घेतली, अर्ध्या भागावर कंदिलाची काजळी धरली, कडेला बोटाने पुसट केली, आणि लेन्सपुढे अशी धरली की काजळीची कड नेमकी बांधाच्या रेघेवर यावी. बांध सरळ आहे, आखलेला. त्या कामासाठी याहून सोपी जागा खानदेशात नसेल. आदल्या वर्षी, सुनावणीच्या दोन दिवस आधी सुचलं असतं तर. एकच निगेटिव्ह, एकच उघडझाप. पाणी आलं, घरं आली, आणि वर आभाळ कोरं, रिकामं, कुठलंच गिऱ्हाईक घेणार नाही असं.

तो प्रिंट आणि निगेटिव्हची पट्टी घेऊन मी कचेरीत गेले. साहेब बदलून गेले होते. कारकुनाने फाईल काढली, शेरा वाचला आणि विचारलं, “ते बनावटवाले तुम्हीच का?” मी पट्टी पुढे केली. त्याने ट्यूबलाइटसमोर धरली. “यात तर पाणी काळं आणि घरं काळी-पांढरी. उलटंच आहे सगळं. मी काय सांगणार?” पट्टी परत दिली. प्रिंट घेतला नाही. आवकच्या वहीत नोंदही केली नाही.

तेव्हापासून मला एका गोष्टीची भीती बसली आहे, आणि ती बांधाच्या भीतीइतकीच मोठी आहे. एकदा खोटं बोललेल्या माणसाचं खरं कुणी घेत नाही, आणि मी बोलले ते माझ्यासाठी नाही, त्या सतरा घरांसाठी. माझं तोंड वापरून झालेलं खोटं आता त्यांच्या दारावर लिहिलंय. चुन्याची रेघ दर दसऱ्याला सरकते आहे. गेल्या दसऱ्याची रेघ आत्याच्या मागच्या भिंतीपासून किती पावलं आहे, हे मी पोस्टकार्डात विचारलं नाही. विचारायची हिंमत होत नाही.

मागच्या महिन्यात मी एकटीच टेकडीवर गेले होते. कॅमेरा नव्हता. पाण्याकडे बघितलं तर डोळे मिटायला आले. मग नजर खाली घेतली. आधी नुसती सावली दिसली. थांबले. हळूहळू एक भिंत दिसली, मग दार, मग दोरीवर वाळणारा कुणाचा तरी शाळेचा सदरा, मग आत्या, सुपाने ज्वारी पाखडणारी. पाणी अजून डोळ्यांत होतंच. नाना म्हणाले होते तेच: डोळासुद्धा दोनदा बघतो आणि जोडतो. पण डोळ्याच्या जोडकामाला आजवर कुठल्या कोर्टाने बनावट म्हटलेलं नाही. पाहिलं म्हणून सांगणाऱ्या माणसाला साक्षीदार म्हणतात. मी एकटी साक्षीदार चालणार नाही, माझं नाव त्या फाईलवर आहे. तुमचं नाही.

म्हणून तुमच्याकडे मागते आहे. तुम्ही जळगावात असाल, धुळ्यात असाल, रविवारी तुम्हाला सुट्टी असते. साक्रीच्या एसटीत बसा, तळवस्तीच्या थांब्याला उतरा, कुणालाही इंदूआत्याचं घर विचारा. ती टेकडीची वाट दाखवील. संध्याकाळी चारनंतर वर चढा. पाणी बघा, मग खाली बघा, आणि सावलीतून घरं दिसेपर्यंत थांबा, मिनिटभर लागतं. मग तिथेच बसून एका कागदावर, स्वतःच्या अक्षरात, पाणी आणि माणसं दोन्ही एकाच वाक्यात लिहा. जे दिसलं तेवढंच, त्याहून एक शब्द जास्त नको. खाली पूर्ण नाव, पत्ता, सही. कागद स्वतः धुळ्याला कचेरीत न्या आणि आवकचा शिक्का घेतल्याशिवाय उठू नका. पौषात पाणी उतरायला लागतं. त्याच्या आत जा.